संकल्प अध्यक्षांचा, आधार कोणाचा?

नव्या राष्ट्राध्यक्षाच्या तंत्रज्ञानविषयक योजना जाहीर झाल्या की त्या लोकहिताच्या आहेत की उद्योगधार्जिण्या, यावर मते मांडली जातात. त्या कोणत्या अधिकाराच्या बळावर अमलात येणार, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. अमेरिकेत बराक ओबामा यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलच्या मुख्यालयात मांडलेला आणि जानेवारी २००९ पासून अमलात आणू पाहिलेला कार्यक्रम पुन्हा तपासण्याजोगा आहे, कारण त्याचा निकाल आता बहुतांशी लागलेला आहे.

त्या कार्यक्रमाचा कणा म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी, अर्थात इंटरनेटची तटस्थता. जोडणी पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या तारांवरून जाणाऱ्या मजकुरात आपपरभाव करू नये, कोणाचा वेग मुद्दाम कमी करू नये आणि पैसे घेऊन कोणाला पुढे काढू नये, हे तिचे तत्त्व. तिच्यामागचे भय काल्पनिक नव्हते. ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची प्रत बिटटोरंट या पद्धतीने एका संगणकावरून दुसऱ्याकडे पाठवून पाहिली, तेव्हा कॉमकास्ट या केबल कंपनीची यंत्रणा मध्येच पडून, जणू पलीकडच्या संगणकानेच संबंध तोडला असावा असे भासवणारा खोटा संदेश धाडत असल्याचे आढळले. ग्रंथ स्वामित्वहक्काबाहेरचा असल्याने चाचेगिरीची सबबही उरली नाही.

दळणवळणाचे नियमन करणाऱ्या एफसीसी या पाच सदस्यांच्या आयोगाने ऑगस्ट २००८ मध्ये कंपनीला दोषी ठरवले, पण एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने अधिकाराअभावी तो आदेश रद्द केला. गुंत्याचे मूळ १९९६ च्या दूरसंचार कायद्यात होते. त्यानुसार दूरध्वनीसारख्या ‘दूरसंचार सेवे’वर सर्वांना समान वागणूक देण्याचे बंधन येते, ‘माहिती सेवे’वर येत नाही, आणि केबलवरचे इंटरनेट आयोगाने २००२ मध्येच दुसऱ्या वर्गात घातले होते. डिसेंबर २०१० च्या नियमांचा गाभा जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयात कोसळल्यावर ओबामा यांनी वर्गबदलाचा जाहीर आग्रह धरला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये आयोगाने तो केला. पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात, २०१७ मध्ये, तो फिरवला गेला, २०२४ मध्ये पुन्हा आणला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो वर्ग लावण्याचा आयोगाचा अधिकारच अमान्य केला. २००८ पासूनचा यातला आयोगाचा प्रत्येक निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी झाला, आणि इतक्या निसरड्या बहुमतावर देशाचे इंटरनेट-धोरण उभे ठेवण्यात दूरदृष्टी होती असे म्हणणे कठीण आहे.

उरलेल्या कलमांचा हिशेब थोडक्यात होतो. ब्रॉडबँडसाठीचे ७२० कोटी डॉलर संसदेने फेब्रुवारी २००९ च्या कायद्यानेच दिल्यामुळे त्या कामाला हक्काचा पैसा मिळाला. तातडीची नसलेली विधेयके स्वाक्षरीपूर्वी पाच दिवस जनतेपुढे ठेवण्याचे वचन निव्वळ वचनच असल्याने समान वेतनाच्या पहिल्याच विधेयकावर मोडले गेले. सरकारी आकडेवारी सर्वांना खुली करणारे डेटा.गव्ह हे संकेतस्थळ मे २००९ मध्ये प्रशासकीय उपक्रम म्हणून सुरू झाले, तरी त्याला कायद्याचे कवच जानेवारी २०१९ मध्ये, तेही विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीने, लाभले. अर्थात कायद्याचा टिकाऊपणा चांगल्याचाच पक्ष घेतो असे नाही. पाळतीत सरकारला साहाय्य करणाऱ्या दूरध्वनी कंपन्यांना खटल्यांपासून अभय देणाऱ्या जुलै २००८ च्या विधेयकाला सिनेटर ओबामा यांनी आधीच्या विरोधानंतरही मत दिले, आणि त्याच कायद्याच्या आधारे चाललेली पाळत २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे उघड झाली.

भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास बंदी घातली आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणारी योजना गुंडाळावी लागली. मात्र ती बंदीही नियामकाच्या विनियमावर उभी आहे, संसदेच्या स्वतंत्र अधिनियमावर नव्हे, हे येथील अभ्यासकांनी नजरेआड करू नये. अमेरिकेत केंद्रीय नियम मावळल्यानंतरही कॅलिफोर्निया राज्यात तटस्थता लागू आहे, कारण तेथील विधिमंडळाने २०१८ मध्ये तिचा कायदाच केला होता आणि कंपन्यांना तो न्यायालयात रोखता आला नाही.