सातबाऱ्यावरचे नाव आणि शहराचे भांडवल
(भाषणाचा मजकूर)



मार्च 1970 मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांचे भवितव्य पालटले. मुंबई बेट माणसांचा भार पेलू शकत नव्हते. खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर नियोजित वाढ व्हावी, अशी शिफारस गाडगीळ समितीने 1966 मध्ये केली होती. त्याच्या आदल्या वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी नव्या शहराचा आराखडा मांडला होता. हा नगररचनेचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यामागचे अर्थकारण मात्र तितकेसे चर्चिले जात नाही.

या शहराचे खरे भांडवल जमीन हेच होते. शासनाने शेतजमीन शेतजमिनीच्या भावाने संपादन करावयाची, तिच्यावर रस्ते, पाणी व वीज आणावयाची आणि विकसित भूखंड विकून आलेल्या पैशातून पुढचे नोड उभारावयाचे. वाढीव किंमत सटोडियांच्या खिशात न जाता सार्वजनिक कामी यावी, हा विचार मुळात न्याय्यच होता. प्रश्न एवढाच की, ही वाढ कोणाच्या वाट्यातून आली?

संपादन झाले ते 1894 च्या कायद्यान्वये. त्यात अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव, त्यावर ठरावीक दिलासा रक्कम आणि तीही एकदाच. शिवाय मोबदला जाई तो प्रामुख्याने सातबाऱ्यावर नाव असलेल्यास. परंतु खारभूमीचे शेत एकट्या मालकाचे नसते. त्याच्या बांधावर लावणी-कापणीचे मजूर जगत, शेजारच्या मिठागरावर राबणारी कुटुंबे जगत, खाडीतली निवटी व खेकडे विकणाऱ्या स्त्रिया जगत. उताऱ्यावर त्यांची नावे नव्हती. म्हणून हिशेबातही नव्हती. (तलाठ्याच्या दप्तरात न मावणारे दारिद्र्य हे नेहमीच स्वस्त पडते.)

असंतोष साचत गेला. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन पेटले. 16 व 17 जानेवारीच्या गोळीबारांत पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे 1990 मध्ये आणि सुधारित स्वरूपात 1994 मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. एकरकमी रोखीऐवजी भूमिपुत्राला शहराच्या वाढीत हिस्सा मिळणार होता. धोरणातील हा बदल फार मोठा होता.

तरीही हिशेब करून पाहावा. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के 506. सार्वजनिक सुविधांसाठीची कपात जाता हाती पावणेनऊ टक्के, म्हणजे 354 चौरस मीटर. चार भावांत वाटणी झाली की प्रत्येकी 88. ज्या घरात वाट पाहण्याइतके उत्पन्न होते, त्या घराने भूखंड राखला. ज्या घरात लग्न वा आजारपण दाराशी उभे होते, त्याने ताबा मिळण्यापूर्वीच हक्क विकून टाकला. एकाच आळीत, एकाच पिढीत अंतर पडले. आणि मजूर कुटुंबे तर या हिशेबाच्या बाहेरच राहिली. वाढत्या कुटुंबांनी गावठाणाच्या कडेने गरजेपोटी जी घरे बांधली, त्यांचा वाद पुढे दशकानुदशके चालला.

याच शहरात वेगळी दिशाही दिसली होती. 1980 च्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरिया यांनी निरनिराळ्या उत्पन्नगटांसाठी भूखंडांच्या आकारात मुद्दामच थोडे अंतर ठेवले: लहानात लहान सुमारे 45 आणि मोठ्यात मोठा सुमारे 75 चौरस मीटर. पैसा जास्त म्हणून जमीन अनेकपट, असे तेथे नव्हते. पुढे कित्येक मूळ घरांच्या जागी उंच बंगले आले, ही गोष्ट निराळी.

2013 च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाची व्याख्या रुंदावली. शेतमजूर, कूळ, कारागीर यांची उपजीविका संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर अवलंबून असेल, तर तीही कुटुंबे बाधित ठरतात. सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनात ग्रामपंचायतीशी विचारविनिमय आणि जनसुनावणी सांगितली आहे. अर्थात 2018 च्या राज्य दुरुस्तीनुसार काही प्रकल्पांना यातून सूट देता येते. ज्या पंचायतींच्या हद्दीत अद्याप अधिसूचना निघालेली नाही, त्यांच्या सदस्यांनी व शाळेतील गुरुजींनी आपल्या गावात बिनजमिनीची किती कुटुंबे कोणत्या शेतावर, कोणत्या खाडीवर जगतात, याची यादी आजच करून ठेवावी. अधिसूचनेनंतर केलेल्या यादीवर कोणी सहजी विश्वास ठेवीत नाही.