नेट गेलं होतं!

(रौप्यमहोत्सवी समारंभात, बुद्धिबळ स्पर्धेच्या बक्षीस वितरणाच्या वेळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या निमित्तानं दोन शब्द बोला, असं सचिवांनी सांगितलं. दोन शब्दांवर थांबणारा माणूस मी नाही, हे ए विंगला ठाऊक आहे. तरी आज थोडक्यातच बोलतो, कारण मला एक कबुली द्यायची आहे.

सन 2020. लॉकडाऊन लागलेला. खाली उतरायची सोय नाही, पोट्टे घरात बसून वैतागलेले. तेव्हा आपल्या तरुण मंडळींनी मोबाइलवर ऑनलाइन बुद्धिबळाची स्पर्धा घेतली. प्रत्येकाला दहा मिनिटं, आणि ज्याचं नेट जाईल तो हरला, असा साधा नियम. मीही नाव दिलं. कॉलेजात असताना खेळायचो, तेवढ्या भांडवलावर.

दुसऱ्या फेरीत माझ्यासमोर बी विंगमधली एक मुलगी आली. पाचवीतली. म्हटलं, लेकराला जरा सांभाळून खेळवू. विसाव्या खेळीपर्यंत माझा एक हत्ती गेला, वजीर कोपऱ्यात अडकला, आणि पुढच्या दोन खेळीत मात होणार हे स्पष्ट दिसून राहिलं होतं. आणि मी काय केलं? डाव सोडला नाही. वायफायचं बटण बंद केलं.

पाच मिनिटांनी तिचा फोन आला. "आजोबा, तुमचं नेट गेलं का?"

मी म्हटलं, "हो ना बेटा, गेलं."

ती म्हणाली, "मग आपण परत खेळू. असं जिंकून काय मजा?" नियमानं ती जिंकली होती. तरी तिनं स्वतः आयोजकांना सांगून नव्यानं डाव मांडायला लावला. तो दुसरा डाव मी जिंकलो. "छान खेळलात आजोबा," असा तिचा मेसेजही आला. पुढच्या फेरीत मी हरलोच म्हणा, पण तोवर ती स्पर्धेबाहेर गेली होती.

मनाची समजूत काढली, की खेळच तर आहे, त्यात काय एवढं! पण त्याच वर्षी 30 ऑगस्टला एक गोष्ट घडली.

पहिल्यांदाच बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड ऑनलाइन होत होतं. भारताचा कर्णधार आपल्या नाशिकचा विदित गुजराथी, आणि मुलींच्या पटावर आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. वय फक्त 14. अंतिम सामना रशियाशी. पहिली फेरी 3-3 अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत डाव चालू असताना दिव्याचा आणि निहाल सरीनचा सर्व्हरशी संपर्क तुटला. समोर पट आहे, पण खेळी जात नाही, आणि घड्याळ मात्र पळतंय. दोघंही वेळेवर हरले. भारतानं दाद मागितली. जगभरातच इंटरनेटचा मोठा बिघाड झाला होता. शेवटी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी भारत आणि रशिया, दोघांनाही सुवर्णपदक दिलं.

याची दुसरी बाजूही सांगतो. दोनच दिवस आधी उपांत्यपूर्व सामन्यात आर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क तुटला होता. त्यांची तक्रार फेटाळली गेली, ते निषेध म्हणून सामन्यातून बाहेर पडले, आणि आपण पुढे गेलो. तेव्हा आपण घरात टाळ्याच वाजवल्या होत्या. दुसऱ्याचं नेट जातं तेव्हा तो नियम असतो, आपलं जातं तेव्हा अन्याय. असं आहे राजेहो!

ती बातमी वाचताना मला खाली मान घालावी लागली. आपल्याच गावच्या एका मुलीचं नेट खरोखर गेलं होतं. आणि मी? खोट्या बोलण्यानं मी एका लेकराचा विजय पळवला होता.

पाटावर समोरासमोर खेळताना हे जमत नाही. समोर माणूस असतो. हरलं की हात पुढे करावा लागतो, निकालाच्या कागदावर दोघांनाही सही करावी लागते. हरणाराही सही करतो! मोबाइलवर कोणी पाहत नाही. म्हणून हरत आलेला माणूस घड्याळ चालू ठेवून चहा प्यायला निघून जातो, शिव्या टाइप करतो, नाहीतर माझ्यासारखं बटण दाबतो.

राग मोठ्यांनाही येतो. 2025 साली 1 जूनला नॉर्वेत गुकेशनं मॅग्नस कार्लसनला हरवलं, तेव्हा कार्लसननं टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. पण लगेच त्यानं माफी मागितली आणि जाताना गुकेशच्या पाठीवर थाप दिली. आणि हाच गुकेश डिसेंबर 2024 मध्ये सिंगापुरात विश्वविजेता झाला, तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही आधी पटावरच्या सोंगट्या जागेवर लावत होता.

आपल्या दिव्यानं तर जुलै 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हंपी, भारताची पहिली महिला ग्रँडमास्टर. ज्या वर्षी हंपी ग्रँडमास्टर झाली, त्या 2002 साली दिव्याचा जन्मही झाला नव्हता. विचार करा, हंपीला तो पराभव किती लागला असेल! तरी तिनं डाव सोडला आणि हात मिळवला. दिव्याचा विजय त्या हातानं पूर्ण झाला.

मला एवढंच कळलं आहे, की हार मान्य करणं म्हणजे जिंकणाऱ्याला त्याचा विजय पूर्ण देणं. हरल्यावर वाईट वाटणारच, वाटू द्या. पण "नेट गेलं", "मी लक्षच देत नव्हतो", "माऊस अडकला" असं म्हणून त्याचा विजय अर्धा करू नका. डाव सोडायचा, "छान खेळलास" लिहायचं, आणि मग वाटल्यास गच्चीवर जाऊन रडायचं.

ती मुलगी आता दहावीत आहे आणि आज समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. बेटा, त्या दिवशी माझं नेट गेलं नव्हतं. तू मला हरवलं होतंस. हे सांगायला पाच वर्षं लावली, त्याबद्दल मला माफ कर.

आणि सचिवसाहेब, स्मरणिकेत हे भाषण छापाल तेव्हा तो निकालही दुरुस्त करून छापा. सन 2020, दुसरी फेरी, विजयी: बी विंग.