दप्तर बदलावे काय?

बिऱ्हाड बदलताना माणूस प्रथम नव्या घराच्या खिडक्या पाहतो. जुन्या घरातील माळ्यावर काय काय ठेवले आहे, याची आठवण त्याला होते ती सामान बांधण्याच्या आदल्या रात्री. संगणकासाठी आज्ञावली रचणाऱ्या मंडळींपुढेही असा बिऱ्हाड बदलण्याचा प्रश्न वरचेवर उभा राहतो. त्याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत.

मोठी आज्ञावली ही एका माणसाची कृती क्वचितच असते. दूरदूरच्या गावी बसलेले शेकडो लोक तिच्यात भर घालतात, चुका दुरुस्त करतात, आणि कधी कधी नव्या चुकाही करून ठेवतात. कोणती ओळ कोणी बदलली, केव्हा बदलली आणि कशासाठी बदलली, याची नोंद राहिली नाही तर अशा कामात दोन महिन्यांत बजबजपुरी माजेल. ही नोंद ठेवणाऱ्या साधनाला इंग्रजीत व्हर्शन कंट्रोल असे नाव आहे. आपण त्याला आवृत्तींचे दप्तर म्हणू. व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीत जमाखर्च तारीखवार मांडलेला असतो. येथे त्याच पद्धतीने बदल मांडलेले असतात. मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली बेल प्रयोगशाळेत असे एक आरंभीचे दप्तर तयार केले. पुढे सी.व्ही.एस. आले, त्यानंतर सबव्हर्शन आले, आणि २००५ साली गिट व मर्क्युरिअल ही दोन्ही एकाच सुमारास जन्मास आली. नवे साधन आले की तरुण मंडळी म्हणतात, ‘आपणही बदलू या.’ जुनी मंडळी म्हणतात, ‘चालले आहे ते काय वाईट आहे?’

या वादात कोणाची बाजू घ्यावी?

प्रथम लिनक्सचे उदाहरण पाहू. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या या प्रचंड कार्याची नोंद फेब्रुवारी २००२ पासून बिटकीपर नावाच्या साधनात होऊ लागली. साधन उत्तम होते. परंतु ते एका खासगी कंपनीच्या मालकीचे होते, आणि विनामूल्य वापराची मुभा कंपनीच्या अटींवर अवलंबून होती. सर्वांना खुले असलेले कार्य परक्याच्या कुलपात ठेवणे बरे नव्हे, असे काहींनी तेव्हाच बजावले होते. एप्रिल २००५ मध्ये ती मुभा संपुष्टात आली. म्हणजे येथे दप्तर बदलावे की नाही हा प्रश्नच उरला नाही. घरमालकाने नोटीस दिली होती. टॉरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल रोजी नवे साधन लिहावयास घेतले, आणि ७ एप्रिलला त्या साधनाची नोंद त्याच साधनात होऊ लागली. तेच गिट होय.

या पराक्रमाची कथा पुष्कळ सांगितली जाते. तिचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. १६ एप्रिल रोजी लिनक्स नव्या दप्तरात आले, तेव्हा मागील इतिहास त्यात उतरवून घेतला गेला नाही. त्या दिवशीची अवस्था हीच पहिली नोंद ठरली. त्यामुळे त्याहून जुनी एखादी ओळ कोणी लिहिली असे आज त्या दप्तराला विचारावे, तर उत्तर येते ते एकाच माणसाच्या नावाचे आणि एकाच तारखेचे. चौदा वर्षांतील इतरांची नावे त्या एका नोंदीमागे झाकली गेली. पुढे काहींनी जुना इतिहास जुळवून स्वतंत्रपणे उपलब्ध केला, हे खरे. पण तो शोधावा लागतो. मोडी वाचणारे विरळ झाल्यावर आपल्या घरोघरच्या कागदांचे जे झाले, त्याचीच येथे आठवण होते. कागद आहेत, पण विचारताक्षणी उत्तर मिळत नाही.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. जी.सी.सी. या सुप्रसिद्ध कंपायलरचे दप्तर २००५ पासून सबव्हर्शनमध्ये होते आणि त्यात अडीच लाखांहून अधिक नोंदी साठल्या होत्या. तेथील मंडळींनी गिटकडे जाण्याची घाई केली नाही. प्रत्येक जुन्या बदलाच्या खऱ्या कर्त्याचे नाव शोधण्यासाठी त्यांनी खटपट केली, आणि जुना नोंद-क्रमांक नव्या नोंदीच्या मजकुरात लिहून ठेवला. कारण दोषांच्या यादीत आणि जुन्या पत्रव्यवहारात उल्लेख त्या क्रमांकाचाच असतो. हे स्थलांतर जानेवारी २०२० मध्ये पुरे झाले. विलंब झाला, पण मागचा दुवा तुटला नाही.

मग विलंब करणे हेच शहाणपण काय? तसेही म्हणता येत नाही. ईमॅक्स या संपादकाच्या मंडळींनी २००९ च्या अखेरीस बझार हे साधन स्वीकारले. ईमॅक्स ज्या ग्नू परिवारातील, त्याच परिवारात बझारही गणले जात होते. निष्ठेच्या दृष्टीने निवड योग्य होती. परंतु पाच वर्षांत बझारची वाढ खुंटली. नव्याने येणाऱ्या तरुणाला ईमॅक्समध्ये एक ओळ सुधारण्यासाठी इतरत्र कोठेही उपयोगी न पडणारे साधन आधी शिकावे लागे. दार उघडे होते, पण उंबरठा फार उंच झाला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी गिट स्वीकारले. पायथन भाषेच्या मंडळींनाही हाच अनुभव आला. २००९ साली तीन साधनांची तुलना करून त्यांनी मर्क्युरिअल निवडले आणि २०११ साली ते वापरात आणले. तरी २०१७ साली त्यांना गिटकडे यावे लागले. मर्क्युरिअल वाईट नव्हते. पण लोकांचा ओघ दुसरीकडे गेला होता.

आणि ज्यांनी त्या ओघाकडे पाठ फिरवली तेही सारेच बुडाले असे नाही. एसक्यूलाइटचे कर्ते रिचर्ड हिप यांनी आपल्या लहानशा मंडळीसाठी फॉसिल नावाचे साधन स्वतःच घडवले, आणि २००९ पासून तेथील नोंद त्यातच होते. बाहेरून फारशी भर स्वीकारायची नाही असाच त्यांचा रिवाज असल्यामुळे, लोकप्रिय साधन नसल्याने त्यांचे अडत नाही.

या साऱ्यांतून मला जे दिसते ते असे. कोणते साधन अधिक वेगवान आणि कोणते अधिक देखणे, हा प्रश्न दुय्यम आहे. आधी दोन गोष्टी विचाराव्यात. आपले दप्तर उद्या कोणी आपल्या हातून काढून घेऊ शकेल काय? आणि ज्याला आपण मदतीस बोलावतो, तो या दप्तरामुळे दारातूनच परत जातो काय? दोहोंचे उत्तर ‘नाही’ असेल तर केवळ नावीन्याच्या हौसेने बिऱ्हाड हलवू नये. शिकण्या-शिकवण्यात आणि मोडतोडीत जाणारे महिने कोणाच्याच हिशेबात धरलेले नसतात. एकाचे जरी उत्तर ‘होय’ असेल, तर जुन्या सवयीच्या प्रेमाने बसून राहू नये. निघण्याची वेळ आपण ठरवावी, नोटीस येण्याची वाट पाहू नये.

मात्र निघताना माळा आधी रिकामा करावा. या कामांतील कित्येकांना वेतन मिळत नाही. आपण एक दोष शोधला आणि तो दूर केला, एवढी नोंद हीच त्यांची प्राप्ती असते. नवे दप्तर सुरू करताना ती नावे मागे राहिली, तर साधन कितीही उत्तम असो, त्या माणसांचे देणे आपण बुडवले असे होईल.