पोटातली गोष्ट



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज पोटाबद्दल बोलणार आहे. मागच्या स्नेहमेळाव्याला ‘ऑफिसचं काम निघालं’ असं कळवून मी आले नव्हते. ते खोटं होतं. मला चार तासांच्या बसप्रवासाची धास्ती वाटत होती.

सात वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतले आणि जुलाब सुरू झाले. आठवड्याभरात थांबले, पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. कळा, पोट फुगणं, कधी दिवसातून चारदा जावं लागणं, कधी दोन दिवस काहीच नाही. रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळे रिपोर्ट नॉर्मल! एका डॉक्टरांनी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून माझी बोळवण केली. दुसऱ्यांनी नाव सांगितलं : इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस.

मग मी वाचत गेले. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेलं ते आंबवतात. त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार होतात आणि वायूही. जंतुसंसर्ग झाला की ही वस्ती विस्कटते. कॅनडातल्या वॉकर्टन गावात २००० साली पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले आणि दोन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. आठ वर्षांनंतरही त्यांच्यात आयबीएसचं प्रमाण इतर गावकऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. हे वाचून मला रडू आलं. माझा त्रास खरा होता!

मनाचा संबंध नाही असं नाही. आतडं आणि मेंदू सतत एकमेकांना निरोप धाडत असतात. परीक्षेआधी पोटात येणारा गोळा आठवतोय ना? आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा जास्तच हळव्या होतात. इतरांना जाणवणारही नाही एवढ्या वायूने आम्हाला कळ येते.

पण सगळा दोष एका जिवाणूवर टाकता येत नाही. ‘तुमचे जिवाणू तपासा’ अशा महागड्या चाचणीवर मीही पैसे घालवले. तिने आयबीएसचं निदान होत नाही. उपयोग झाला तो वहीचा. काय खाल्लं, कधी दुखलं, झोप किती झाली, सगळं लिहिलं. आमच्या भाषेत लॉग ठेवला. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाची लो-फॉडमॅप पद्धत केली. काही आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा बंद, मग एकेक परत सुरू. माझे गुन्हेगार निघाले कांदा आणि लसूण. आता लसूण तेलात परतून काढून टाकते. चव उतरते, त्रासदायक भाग तेलात उतरत नाही. पथ्य कायमचं मात्र करू नका, चांगले जिवाणूही त्यावरच जगतात.

शौचातून रक्त, कारणाशिवाय वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल, तर आयबीएस समजून घरी बसू नका. डॉक्टरांकडे जा.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. वर्गात एखादी मुलगी ‘बाई, जाऊन येऊ?’ म्हणाली, तर कारण न विचारता जाऊ द्या. आणि मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी मी आले नाही तर खरं कारण सांगेन. तुम्हीही सांगा.