राख पडली त्यानंतर

(मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘डॉक्टर म्हणून काहीतरी बोल’ असं सांगितलं. रक्तदाब आणि मधुमेहाबद्दल तुम्ही रोजच ऐकता. म्हणून आज रोंगेलापबद्दल बोलतो. आपल्या वर्गातल्या नकाशात पॅसिफिकमधलं हे मार्शल बेट टिंबाएवढंही नसेल.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी इथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजापेक्षा कितीतरी मोठा, १५ मेगाटनांचा झाला. काही तासांत रोंगेलापवर पोवळ्यांची पांढरी राख पडू लागली. मुलं तिच्यात खेळली. ती साठवलेल्या पाण्यात आणि अन्नात मिसळली. तिथल्या ६४ माणसांना दोन दिवसांनी हलवलं. तोवर उलट्या सुरू झाल्या होत्या. पुढे कातडी भाजल्यासारखी झाली, केस गळले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. काही महिन्यांत जखमा भरल्या, केसही पुन्हा आले. १९५७ मध्ये लोकांना बेटावर परत नेलं.

खरं दुखणं मात्र गळ्यात दबा धरून होतं. राखेतलं किरणोत्सारी आयोडीन थायरॉइड ग्रंथीत साठतं. मुलांची ग्रंथी लहान, त्यामुळे तेवढ्याच आयोडीनचा मारा त्यांना जास्त बसतो. पहिली गाठ १९६३ मध्ये, एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात सापडली. दोन मुलांची वाढच खुंटली होती. इथल्या कित्येकजणी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात. त्याच औषधाने त्या मुलांची उंची पुन्हा वाढू लागली.

ही गाठ सापडली, कारण डॉक्टर दरवर्षी जाऊन गळा चाचपत होते. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तरीही आपल्याला अभ्यासाचा नमुना म्हणून वापरलं, ही सल बेटकऱ्यांच्या मनात राहिली. आपल्या शरीरात काय चाललंय, हे त्यांना त्यांच्या भाषेत नीट समजावलं गेलं नव्हतं. मुलांच्या काळजीने १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच बेट सोडलं.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या गळ्याला हात लावताना मला हे आठवतं. तपासणं हे अर्धंच काम. काय सापडलं ते त्याला कळेपर्यंत सांगणं हे उरलेलं अर्धं. तेव्हा मित्रांनो, डॉक्टर घाईत असला तरी खुर्ची सोडू नका. ‘मला काय झालंय?’ हे विचारा, आणि समजेपर्यंत विचारत राहा.