नकाशाआधी घरच्या बाईला विचारा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या शिकल्या-सवरलेल्या पाहुण्या बोलावतो. यंदा अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपल्यातलीच एखादी बोलू द्या." बोट माझ्याकडे वळले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, सारा जन्म चूल आणि मूल यांत गेलेला. म्हणून विषयही घरातलाच घेतला आहे.

गेल्या वर्षी आम्ही दारव्ह्याचे आमचे राहते घर दुरुस्त केले आणि त्यासाठी एक इंटिरिअर डिझायनर, म्हणजे घराची आतली रचना आखून देणारा माणूस, नेमला. तेव्हापासून आपल्यातल्या निम्म्या जणी घर पाहून गेल्या. प्रत्येकीचा प्रश्न एकच: "असा माणूस नेमावा का? की नुसता पैशाचा चुराडा?" एकेकीला उत्तर देण्यापेक्षा आज सर्वांना मिळून देते. खुशाल नेमावा. पण घरात जी राबते तिला विचारल्यावाचून त्याने कागदावर रेघ ओढू नये, आणि जे ठरेल ते लिहिल्यावाचून आपण पैसा सोडू नये. माझे सारे भाषण या दोन वाक्यांत आहे. पुढचा त्याचा विस्तार.

आधी हा माणूस कोण ते समजून घेऊ. आर्किटेक्ट, म्हणजे वास्तुविशारद, ही पदवी नावापुढे लावायची तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असावी लागते. इंटिरिअर डिझायनरला असे कायद्याचे बंधन नाही. चार वर्षे शिकलेलाही पाटी लावतो आणि काल दुकान मांडलेलाही लावतो. म्हणून पाटी पाहून भुलू नये. त्याने केलेली दोन घरे स्वतः जाऊन पाहावीत, आणि तिथे दिवाणखान्यात न बसता थेट स्वयंपाकघरात जावे. तिथल्या बाईला विचारावे, "वर्ष झाले, आता कसे वाटते?" खरे उत्तर तिथेच मिळते.

आमचे घर सासऱ्यांनी बांधलेले. पुढे ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर व मोरी, त्यामागे परस. मागच्या खोल्यांवर कवेलू होते, पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागत. ते उतरवून स्लॅब टाकायचा आणि आतली रचना नवी करायची, असे ठरले. सहा लाखांचा अंदाज. त्यातले निम्मे पतपेढीचे कर्ज आणि निम्मे दोन हंगामांच्या कापसाचे. हे शाळेत कारकून आहेत, तेव्हा हा पैसा आमच्यासाठी लहान नव्हता. वाया गेला असता तर दुसऱ्यांदा उभा राहिला नसता.

डिझायनर मोठ्या शहरातून आला. मुलगा तरुण, बोलायला नम्र. त्याने ह्यांना चित्रे दाखवली. मी चहा घेऊन आले तेव्हा त्याने आदराने विचारले, "ताई, रंग कोणता आवडतो तुम्हाला?" मैत्रिणींनो, चोवीस वर्षे मी ज्या घरात उभी आहे, त्या घराविषयी मला विचारलेला हा एकच प्रश्न. चित्रात माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत नव्हती. मोरी नव्हती. धान्याच्या कोठ्या नव्हत्या. खिडकीवर कपाट आले होते. ओटा मात्र आरशासारखा चकचकीत होता.

मी म्हटले, "रंगाचे मागाहून सांगते. मला आठ दिवस द्या." हे थोडे नाराज झाले. "तो शिकलेला आहे, तुला त्यातले काय कळणार?" असेही म्हणाले. मी वाद घातला नाही. मुलाची एक कोरी वही घेतली आणि आठ दिवस घरात जे जे घडले ते लिहीत गेले. कोण कुठे बसते, काय कुठून उचलते, कुठे वाकावे लागते, कुठे दोघींची टक्कर होते. पाण्याच्या पिंपापासून ओट्यापर्यंत मी दिवसाला चाळीसवर खेपा घालते हे मलाही तेव्हाच कळले.

वर्षभराचेही लिहिले, कारण घर आठ दिवसांचे नसते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कूलर लागतोच. कूलरला बाहेरची हवा मिळेल अशी खिडकी हवी, आणि आत आलेली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला वाट हवी. नाहीतर नुसता दमटपणा साचतो. खिडकीवर कपाट बसवले तर कूलर कुठे जाणार? २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यावाचून काय काय सोसले ते तुम्ही विसरला नसाल. तेव्हा पाणी साठवायला जागा ही आपल्या जिल्ह्यात चैन नव्हे. चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे यांचे वाळवण. ते पसरायला गच्चीवर जाण्याचा जिना म्हाताऱ्या माणसालाही चढता यावा. सणावाराला चार बाया एकदम स्वयंपाकघरात असतात, हेही लिहिले.

ही मोजणीची रीत माझी नवी नव्हे, हे मला नंतर कळले. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. बाई घरात किती पावले चालते, कोणत्या कामाला किती वेळ घेते, हे घड्याळ लावून मोजलेले त्यांनी आधाराला घेतले. आगगाडीच्या डब्यातले छोटे स्वयंपाकघरही नजरेसमोर ठेवले. जेमतेम सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब जागेत सगळे हाताशी आणले. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात झाली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ती आजी. गंमत अशी की, तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असे त्या बाईंनीच पुढे सांगितले. मोजल्यामुळे त्यांना ते साधले. पण त्यात एक उणे राहिले. ते घर एकटीपुरते होते. दुसरी बाई आत आली की हलता येत नसे. म्हणजे मोजणाऱ्याने एकटीला मोजले की चौघींचे घर बिघडते. आपल्याकडे तर चौघी असायच्याच.

आता सासूबाईंचे सांगते. वही लिहिताना मी त्यांना विचारले, "आई, तुम्हाला स्वयंपाकघरात काय हवे?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं सयपाकघर तर कवाच गेलं." मला समजेना. त्यांनी उलगडून सांगितले. त्यांनी सारा जन्म बसून स्वयंपाक केला. माझ्या लग्नाआधी घरात उभ्याचा ओटा आला, तेव्हा सुधारणा म्हणून सगळ्यांनी कौतुक केले. पण त्यांना कोणी विचारले नाही. तासन्‌तास उभे राहणे त्यांच्या कंबरेला सोसेना. हळूहळू त्या माजघरात सरकल्या आणि स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या येऊ लागल्या. आता गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणेही सुटले. मला वाटे, सासूबाईंना आता कामाचा कंटाळा आला. खरे तर त्यांना कामाला जागाच उरली नव्हती.

मी वहीत पहिल्या पानावर लिहिले: खिडकीजवळ एक ठेंगणा ओटा, स्टुलावर बसून भाजी चिरता येईल आणि ठेचा कुटता येईल असा.

आठ दिवसांनी तो मुलगा आला तेव्हा मी वही त्याच्यापुढे ठेवली. खोटे कशाला बोलू, त्याने ती शेवटपर्यंत वाचली. मग तासभर आम्ही दोघे टेप घेऊन स्वयंपाकघरात उभे होतो. त्याच्या नकाशात ओटा ३६ इंच होता. माझी उंची पाच फूट. त्यानेच सांगितले की कोपर वाकवून सरळ उभे राहावे आणि कोपराखाली चार ते सहा इंचांवर ओटा यावा. माझा ३२ इंच आला. भाकरी थापायला वरून जोर द्यावा लागतो, म्हणून तेवढा तुकडा २९ इंचांवर घेतला. आज माझी मान आणि खांदे दुखत नाहीत, ही त्या तीन इंचांची पुण्याई.

त्याचेही श्रेय त्याला दिले पाहिजे. ओट्याखाली मी फळ्यांची कपाटे मागितली होती. तो म्हणाला, "ताई, फळीवरचे मागचे डबे काढायला वाकावे लागेल, ओढखण घ्या." ते बरोबर निघाले. दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली चिरण्यावर पडते, म्हणून त्याने दिवा ओट्याच्या वर पुढे घेतला. हे मला सुचले नसते. त्याची विद्या खरी आहे आणि आपलीही खरी आहे. दोन्ही एका कागदावर यायला हव्यात, एवढेच.

भिंतीचा प्रश्न मात्र आम्ही त्याच्यावर सोडला नाही. जुन्या घरात बहुधा भिंतीच छपराचे ओझे वाहतात. शिवाय आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आटते आणि भिंतींना तडे देते. म्हणून बांधकामाचा अभियंता वेगळा बोलावला. त्याने सांगितले, ही भिंत पाडायची नाही. भिंत राहिली, फोडणीचा धूर माजघरात गेला नाही, आणि स्लॅब सुखरूप आहे. सजावट करणाऱ्याच्या शब्दावर भिंत कधी पाडू नका. मोठा बदल असेल तर नगरपरिषदेतही विचारून घ्या.

कवेलू उतरवले तेव्हा खालून सहा सागवानी तुळया निघाल्या. कंत्राटदार म्हणाला, "हे भंगार आम्ही उचलून नेतो, तुमचा खर्च वाचेल." आपला जिल्हा सागवानाचा, आणि आपणच त्याला भंगार म्हणायचे? मी हिशेब केला. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागावे, की घनफूट येतात. एक तुळई १० फूट लांब, ६ इंच रुंद, ४ इंच जाड. सहा मिळून बरोबर १० घनफूट. सागवानाचा भाव घनफुटाला हजारांत असतो, तेव्हा ते भंगार किती रुपयांचे होते ते तुम्हीच ठरवा. त्यातून देवघर, मागचे दार आणि सासूबाईंचे स्टूल झाले. सातवीचे गणित असे कामाला येते, बरे का!

आता पैशाचे. माझ्या एका मावसबहिणीने दुसऱ्या गावी एकाला दोन लाख आगाऊ दिले. काम अर्धे राहिले. डिझायनर सुताराकडे बोट दाखवी, सुतार डिझायनरकडे. हाती कागद नव्हता. ते पाहिल्यामुळे आम्ही सारे लिहून घेतले. त्याचा मोबदला वेगळा आणि सामानाचा खर्च वेगळा. मोबदला खर्चाच्या टक्क्यांवर असेल तर खर्च वाढला की त्याची मिळकतही वाढते, म्हणून आम्ही ठोक रक्कम ठरवली. दुकानदाराकडून त्याला काही मिळते का, हेही सरळ विचारले. करार करताना दहा टक्के, पुढे जसजसे काम तसतसे, आणि शेवटचे दहा टक्के घर वापरून महिना झाल्यावर. जीएसटी १८ टक्के लागतो. पण ज्याची जीएसटीत नोंदणी नाही त्याला तो मागता येत नाही, म्हणून बिलावर नंबर पाहावा.

सामानाची नावेही पाठ करून ठेवा. प्लायवूडवर आयएसआयची खूण आणि आकडा असतो. आयएस ३०३ हे नेहमीच्या कामाचे, आणि आयएस ७१० हे पाणी सोसणारे. बेसिनच्या खाली ७१० च हवे. करारात नुसते "चांगले प्लाय" असे लिहू देऊ नका. प्लायचा आकडा लिहा, किती मिलिमीटर जाड तेही लिहा.

आणि इतके करूनही फसगत झाली तर रडत बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावे आणि पावत्या जपाव्यात. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्लाही मिळतो.

काम साडेतीन महिने चालले. खर्च अंदाजापेक्षा बावीस हजारांनी जास्त झाला, तोही स्लॅबच्या लोखंडामुळे. ह्यांनी एकदाच म्हटले, "ती वही लिहिलीस ते बरे झाले." आमच्या घरी याहून मोठी शाबासकी दिली जात नाही.

सासूबाई आता रोज सकाळी खिडकीजवळच्या ओट्यावर भाजी चिरतात. परवा मी मीठ विसरले तर त्यांनी मला रागे भरले. पुष्कळ वर्षांनी रागे भरले. मला फार बरे वाटले.

भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकींच्या नावावर घर नाही. पण घराचा वापर आपल्या हाती आहे आणि त्याचे ज्ञान आपल्या अंगात आहे. ते कोणी विचारील म्हणून वाट पाहू नका. लिहून पुढे ठेवा. आणि लिहिताना घरातल्या म्हातारीला विसरू नका, कारण उद्या त्या जागी आपणच असू.

ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. मागची निम्मी पाने मुद्दाम कोरी ठेवली आहेत. जिला घर दुरुस्त करायचे असेल तिने न्यावी, आपले मोजमाप त्यात लिहावे आणि परत आणून ठेवावी.