रकान्यात न मावणारा पान्हा

गावोगावहून आलेल्या जीवशास्त्र शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने आभार मानण्यात पहिली दहा मिनिटं घालवायची प्रथा आहे. ती दहा मिनिटं मला एका प्रश्नासाठी हवी आहेत. प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा: 'फरक स्पष्ट करा: चेता नियंत्रण आणि रासायनिक नियंत्रण.' डाव्या रकान्यात विजेचा संदेश, वेगवान, परिणाम क्षणिक. उजव्या रकान्यात संप्रेरक, रक्तातून, सावकाश, परिणाम टिकाऊ. मधे पट्टीने आखलेली रेघ. छत्तीस वर्षं मी ती रेघ फळ्यावर ओढली. आज डस्टर घेऊन आलोय.

आमच्या घरी म्हैस होती आणि धारेला थोरल्या काकूच बसायच्या. आधी रेडकू सोडायचं. ते कासेला ढुशा द्यायचं, सड ओढायचं, आणि मिनिटभरात सड तटतटून यायचे. मग रेडकाला ओढून दाव्याला बांधायचं, चरवी खाली धरायची आणि रिकामी होईपर्यंत उठायचं नाही. गोठ्याच्या दारात परका माणूस आला, तर काकू न बोलता हातानेच त्याला मागे सारायच्या. म्हैस बुजली की पान्हा चोरते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कसा चोरते, हे त्यांच्या पदवीधर पुतण्यालाही बरीच वर्षं सांगता आलं नसतं.

१९४१ साली अमेरिकेत ईली आणि पीटरसन या दोघांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी गाईच्या अर्ध्या कासेकडे जाणाऱ्या चेता तोडल्या. तरीही पान्हा दोन्ही बाजूंना उतरला. मग त्यांनी गाईला घाबरवलं. पाठीवर चक्क मांजर ठेवलं आणि कागदी पिशव्या फोडून आवाज केले. दूध अडलं, तेही दोन्ही बाजूंचं. म्हणजे पान्ह्याचा निरोप कासेपर्यंत चेतांमधून येत नव्हता, तो रक्तातून येत होता. 

झालं, उजवा रकाना! पण थांबा. रेडकू सड ओढतं, तेव्हा कातडीतल्या चेता पेटतात. तो संदेश मज्जारज्जूतून मेंदूच्या तळाशी, अधश्चेतकात जातो. तिथल्या काही चेतापेशी ऑक्सिटोसिन तयार करतात. त्यांचे लांब तंतू पीयूषिकेच्या मागच्या भागात उतरतात आणि पेशीत विजेची लहर उठली की तंतूच्या टोकातून ऑक्सिटोसिन थेट रक्तात सुटतं. कासेत दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवती स्नायूंसारख्या पेशींचं जाळं असतं. ते आवळलं जातं आणि दूध उतरतं. आता सांगा, विजेवर चालणारी आणि संप्रेरक सोडणारी ही पेशी कुठल्या रकान्यात लिहायची? अर्न्स्ट शारर यांनी १९२८ साली एका छोट्या माशाच्या मेंदूत अशाच, ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या चेतापेशी पाहिल्या. चेतापेशी स्राव करते, ही गोष्ट बरीच वर्षं कोणी मनावर घेतली नाही. रकाने तेव्हाही होतेच.

आणि 'परिणाम टिकाऊ' म्हणाल, तर हे संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. काकू धारेवरून उठत नसत त्या उगाच नव्हे.

माणसाचं वेगळं नाही. मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंगावर पाजणारी आई स्वतः नाइल्सच होत्या. पाजताना कधी त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, कधी पायाचा अंगठा ओढला, कधी भराभर गणितं विचारली. शांतपणे पाजलं तेव्हा बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं होतं. या छळात ते ९९ ग्रॅमवर आलं. छळ तसाच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा १५३ ग्रॅम. म्हणजे दूध आटलं नव्हतं, अडलं होतं. बाळंतिणीला 'तुला दूधच कमी' असं ऐकवणाऱ्या घरांत हे आकडे भिंतीवर लावावेत असं मला फार वाटतं.

त्या रेघेवर मी अन्याय करत नाही. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेढ्याच्या सगळ्या चेता तोडून त्यात आम्ल घातलं, तरी स्वादुपिंडातून रस वाहिला. पाचकरसांचं सारं काम चेतांचं, असं पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेचं म्हणणं होतं. त्यावर हे उत्तर होतं. हॉर्मोन हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केला. रेघ तेव्हा ओढावीच लागली. पण ती पायाडासारखी होती. इमारत उभी राहिल्यावरही आपण पायाडालाच रंग देत बसलोय.

आपल्या भाषेकडेही जरा पाहू. इंग्रजीतलं पिट्युटरी हे नाव शेंबडावरून आलं आहे, कारण ही ग्रंथी नाकात शेंबूड सोडते अशी जुनी समजूत होती. आपण तिला पीयूषिका म्हणतो. पीयूष म्हणजे अमृत हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध, ज्याचा आपण खरवस करतो तो चीक, हाही पीयूषचा जुना अर्थ आहे. नाव देणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण पान्ह्याच्या ग्रंथीला याहून चपखल नाव मला तरी सुचत नाही. आणि पान्हा हा शब्द तर माया आणि दूध वेगळं काढूच देत नाही.

पहिल्या सत्राचे वक्ते घड्याळ पाहताहेत. प्रश्नपत्रिका काढणारे काहीजण समोर बसलेत, त्यांच्यासाठी एक प्रश्न लिहून आणलाय: 'शेजारच्या खोलीत बाळ रडलं. त्याला हातही न लावता आईचं पोलकं ओलं झालं. कानापासून पोलक्यापर्यंत काय काय घडलं, ते क्रमाने लिहा.' गुण पाच. रकाने आखू नयेत.